हरणाच्या शिकारीची सुट्टी: पेनसिल्व्हेनियातली कुटुंबं मुलांना जंगलात काय शिकवतात

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळांना नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला एक सुट्टी असते. ती सणाची नसते, कुणा थोर पुरुषाच्या जयंतीचीही नसते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या गुरुवारनंतर येणारा सोमवार, एवढीच तिची ओळख. 1963 पासून 2018 पर्यंत याच सोमवारी रायफलने हरणाची शिकार करायचा हंगाम सुरू व्हायचा. मुलं वर्गात येणार नाहीत, बरेचसे शिक्षकही जंगलात असतील, मग शाळा उघडून करायचं काय, असा सरळ हिशोब. 2019 मध्ये हंगामाची सुरुवात शनिवारवर आणली गेली, तरी अनेक शाळांनी सोमवारची सुट्टी सोडलेली नाही.

आपल्याला हे पचायला जड जातं. शिकार म्हटलं की आपल्यापुढे दोनच चित्रं येतात. एक राजेरजवाड्यांचं: वाड्याच्या भिंतीवर टांगलेली मुंडकी, वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो, कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून केलेली काळविटांची शिकार. दुसरं चोरट्या शिकाऱ्यांचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे वन्यप्राण्याला मारणं हा मुळात गुन्हाच आहे, आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता तो असायलाच हवा. पण म्हणूनच, हिवाळाभर पक्ष्यांना दाणे घालणारे आजोबा बारा वर्षांच्या नातीला घेऊन पहाटे हरीण मारायला निघतात, ही गोष्ट आपल्याला उलगडत नाही. क्रूरपणा म्हणावा, तर ती माणसं तशी दिसत नाहीत. छंद म्हणावा, तर छंदासाठी कुणी इतके नियम आणि इतकी थंडी सोसत नाही.

मला जे समजलं ते असं: या कुटुंबांत शिकारीचं जे शिक्षण मुलांना मिळतं, त्यातलं बहुतेक गोळी कधी झाडायची नाही याचं असतं. आणि हे शहाणपण त्यांच्याकडे परंपरेने आपोआप आलेलं नाही. ते एका मोठ्या नासाडीनंतर, कायद्याच्या बडग्याने आलं आणि मग हळूहळू घराघरांत मुरलं.

हरणं संपली होती तेव्हा

युरोपात शिकार हा राजाचा आणि सरदारांचा हक्क होता. सामान्य माणसाने राजाच्या रानातलं हरीण मारलं तर कडक शिक्षा. विल्यम पेनने पेनसिल्व्हेनियाची वसाहत वसवली तेव्हा 1683 च्या सनदेत रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकार करायची मोकळीक दिली. युरोपातून आलेल्या गरीब माणसाच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट होती. त्याआधी हजारो वर्षं या जंगलांत लेनापे आणि सेनेका हे इथले मूळनिवासी लोक हरणावर जगत होते, तेही इथे विसरून चालणार नाही.

मोकळीक मिळाली, लगाम मात्र कुणालाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात शहरं वाढली, रेल्वे आली, आणि बाजारासाठी शिकार करणारे धंदेवाईक लोक वर्षभर हरणं मारून मांस आणि कातडी शहरांत पाठवू लागले. त्यात लाकूडतोडीने डोंगरच्या डोंगर बोडके झाले. 1900 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. उत्तर अमेरिकेत एकेकाळी कोट्यवधी असलेली पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आत आली होती.

आरडाओरडा केला तो शिकाऱ्यांनीच. त्यांच्या रेट्यामुळे 1895 मध्ये पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन हे वन्यजीवांचं सरकारी मंडळ स्थापन झालं. 1905 मध्ये हरणांसाठी पहिलं राखीव क्षेत्र. 1906 पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून इथल्या जंगलांत सोडली गेली. 1907 मध्ये मादी मारायला पूर्ण बंदी आली. फक्त शिंगं असलेला नर मारायचा. 1913 मध्ये रहिवाशांना शिकारीचा परवाना बंधनकारक झाला, फी एक डॉलर. या नियमांना कडवा विरोध झाला. सुरुवातीच्या वर्षांत गेम कमिशनच्या रक्षकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, काही जण मारलेही गेले. ज्यांची नातवंडं आज नियमाचं पुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवतात, त्यांच्याच गावांत हे घडत होतं.

देशपातळीवर 1900 चा लेसी कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं त्याने गुन्हा ठरवलं. रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, हा नियम इथूनच पक्का होत गेला आणि आजही तो या व्यवस्थेचा कणा आहे. मारलेलं हरीण खाता येतं, वाटता येतं, दान करता येतं. विकता येत नाही. पैसा बाजूला काढला की लोभाचा मोठा भाग गळतो.

मग आता का मारायची?

हरणं परत आली. नुसती आली नाहीत, उधाणली. आज अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं सुमारे तीन कोटी आहेत असा अंदाज आहे. याचं कारण त्यांच्या जीवनचक्रात आहे. नोव्हेंबरच्या मध्यास माजाचा काळ, साधारण 200 दिवसांचा गर्भकाळ, मे-जूनमध्ये पिल्लं. आणि धडधाकट मादीला बहुधा जुळं होतं. मिशिगनमध्ये 1928 साली सुमारे साडेअकराशे एकरांच्या कुंपण घातलेल्या रानात सहा हरणं सोडली होती: चार माद्या, दोन नर. सहा वर्षांनी मोजणी केली तेव्हा ती 160 झाली होती.

त्यांना आवर घालणारे लांडगे आणि प्यूमा पेनसिल्व्हेनियातून एकोणिसाव्या शतकातच संपवले गेले. म्हणजे माणसाने वाघ काढला आणि चितळ ठेवलं, अशी अवस्था. अशा जंगलात हरणं काय करतात? ती खालचा थर खातात. ओक आणि मेपलची रोपं, रानफुलं, हेमलॉकची कोवळी झाडं, तोंड पोचेल तिथपर्यंत सगळं. मोठी झाडं उभी असतात म्हणून दुरून जंगल हिरवंगार दिसतं, पण आत शिरलं की जमिनीवर नेच्यांचा गालिचा, कारण नेचे हरणं खात नाहीत. त्या गालिच्याखाली नवं रोप तग धरत नाही. म्हातारी झाडं पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नसेल.

वायव्य पेनसिल्व्हेनियात अमेरिकेच्या वनसेवेच्या शास्त्रज्ञांनी जंगलाचे तुकडे कुंपणाने बंद करून त्यांत वेगवेगळ्या संख्येने हरणं ठेवली आणि दहा वर्षं निरीक्षण केलं. जिथे हरणं दाट, तिथे मधल्या उंचीवर घरटी करणारे पक्षी कमी झाले. ज्या पक्ष्याला हरीण कधी शिवतही नाही, तो त्याच्यामुळे नाहीसा होतो. याखेरीज शेतीचं नुकसान, रस्त्यावरचे अपघात आणि कडक हिवाळ्यात उपासमारीने मरणारी हरणं आहेतच. विदर्भात रोही आणि रानडुकरांपायी रात्रभर शेत राखणाऱ्या माणसाला यातला शेतीचा भाग समजावून सांगायची गरज नाही. मात्र आपल्याकडे उपायही हाच, असं मी म्हणणार नाही. आपल्या रानांची, लोकसंख्येची आणि कायद्याची घडणच वेगळी आहे.

म्हणून गेम कमिशन दरवर्षी राज्याच्या प्रत्येक विभागात किती माद्या मारायच्या याचा अंदाज बांधतं आणि तेवढे वेगळे परवाने काढतं. संख्या आटोक्यात ठेवायची तर मादीच मारावी लागते. नर कमी झाले तरी उरलेले नर सगळ्या माद्यांना पुरतात. सांगायला सोपं, पण इथल्या जुन्या लोकांच्या गळी हे उतरायला कित्येक दशकं लागली. त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं, मादीला हात लावायचा नाही, आणि त्या नियमाने हरणं वाचलीही होती. एका काळात पुण्य असलेली गोष्ट पुढच्या काळात जंगलाला घातक ठरली. आजोबांचा शब्द मोडणं कुठल्याही समाजात सोपं नसतं.

सध्या राज्यात आठ लाखांहून अधिक लोक शिकारीचा परवाना घेतात आणि वर्षाला चार लाखांवर हरणं मारली जातात. एवढ्यांनंतरही पांढऱ्या शेपटीचं हरीण, जे पेनसिल्व्हेनियाचं राज्यप्राणी आहे, भरपूर आहे.

पैसा कुठून येतो

हा भाग थोडक्यात, पण तो कळल्याशिवाय शिकाऱ्यांचा अभिमान कळत नाही. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्यानुसार रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के उत्पादन कर बसतो (पिस्तुलांवर 10 टक्के) आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो. अट अशी की, राज्याने परवान्यांची फी दुसऱ्या कुठल्या कामाला वळवायची नाही. गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण करांतून पैसा मिळत नाही. परवाने, हा केंद्रीय निधी, स्वतःच्या जमिनींवरचं लाकूड आणि वायू यांतून त्याचा खर्च चालतो. 1920 पासून त्याने विकत घेत घेत सुमारे 15 लाख एकर जमीन जमवली आहे. तिला स्टेट गेम लँड्स म्हणतात आणि तिथे पक्षी पाहायला किंवा नुसतं फिरायलाही कुणीही जाऊ शकतं. शिकारी जेव्हा म्हणतो, "या जंगलाचे पैसे आम्ही भरलेत", तेव्हा ती बढाई नसते.

फिलाडेल्फिया-पिट्सबर्गकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट: 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात गेम लँड्सवर शिकार न करणाऱ्यालाही झगझगीत नारिंगी कपडे घालणं बंधनकारक आहे. मुलांना घेऊन पानगळ बघायला जाल तर नारिंगी टोपी आणि जाकीट सोबत असू द्या.

कॅम्प

आता मुख्य गोष्ट. उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर, टायोगा, क्लिंटन अशा डोंगराळ काउंट्यांमध्ये जंगलाच्या कडेला हजारो साध्या लाकडी खोल्या आहेत. त्यांना कॅम्प म्हणतात. काही एका कुटुंबाच्या, काही चार मित्रांनी तीन पिढ्यांपूर्वी मिळून बांधलेल्या. एक लाकडाची शेगडी, बंक, मोठं टेबल, भिंतीवर जुने फोटो आणि शिंगं. वर्षातले अकरा महिने बहुधा बंद. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मात्र दूरदूरच्या शहरांतून भाऊ, मामा, चुलतभाऊ, जावई येतात. आता मुली, सुना, बहिणीही येतात. एके काळी हे फक्त पुरुषांचं जग होतं.

इथे उतरंड असते, पण पैशांची नाही. कुणी कारखान्यात काम करतो, कुणी डॉक्टर आहे. कॅम्पमध्ये मान वयाचा आणि रानाच्या माहितीचा. सगळ्यात नवा सदस्य भांडी घासतो आणि लाकडं आणतो. शेगडीवर सूप उकळत असतं आणि म्हातारे जुन्या शिकारींच्या गोष्टी सांगत असतात. त्या गोष्टींमध्ये एक प्रकार मला फार मोलाचा वाटतो: सुटलेल्या हरणांच्या गोष्टी. "आडवं उभं राहिलं असतं तर मारला असता, पण सरळ माझ्याकडे तोंड करून होता, सोडून दिला." "मागे रस्ता होता म्हणून बंदूक उचललीच नाही." मूल हे ऐकत असतं. नेम चुकलेल्याच्या शर्टाची शेपटी कापून भिंतीवर टांगायची जुनी गंमतही अनेक कॅम्पांत आहे. सगळे खूप हसतात. पण ज्याने गोळीच झाडली नाही त्याला कुणी हसत नाही, आणि मूल हेही टिपतं.

मुलाला थेट बंदूक कुणी देत नाही. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला राज्याचा प्रशिक्षणवर्ग पूर्ण करावा लागतो. 12 ते 16 वर्षांच्या मुलांना कनिष्ठ परवाना मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी 2006 पासून मार्गदर्शकासोबतच्या शिकारीची योजना आहे. तिचा मूळ नियमच तिचा भाव सांगतो: चालताना बंदूक मोठ्या माणसाच्या हातात. मुलाच्या हातात ती एका जागी थांबल्यावरच, आणि मोठा माणूस हाताच्या अंतरावर. काही सेकंदांच्या त्या कामासाठी एक प्रौढ माणूस दिवसभर मुलाला खेटून बसतो. आजच्या काळात किती आईबाप आपल्या मुलासोबत, फोन बाजूला ठेवून, सलग आठ तास गप्प बसतात? या शिकारीतली ही गोष्ट मला सगळ्यात हेवा करण्यासारखी वाटते.

बंदुकीचे चार नियम मुलाच्या अंगवळणी पाडले जातात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. नळी कधी कुणाकडे वळू द्यायची नाही. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत चापावर बोट नाही. आणि नेम ज्यावर धरला ते काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे पक्कं कळल्याशिवाय झाडायचं नाही. झुडूप हललं म्हणून गोळी झाडणारा माणूस कॅम्पमधून कायमचा बाद होतो. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच नारिंगी रंग अंगावर हवा आणि तो चारी बाजूंनी दिसला पाहिजे. हरणाला लाल-नारिंगी रंग हिरव्यापासून नीट वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे माणसाला माणूस लख्ख दिसतो आणि हरणाला फारसा फरक पडत नाही. मनुष्यवस्तीच्या 150 यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार नाही. हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल वापरता येत नाही.

दुसऱ्याच्या जमिनीत शिरायचं तर विचारून. 2020 पासून तिथे एक नियम आला आहे: झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे असतील तर ती प्रवेशबंदी समजायची, पाटी असो वा नसो. पण जुनी कुटुंबं कायद्याच्या पुढे जातात. उन्हाळ्यातच शेतकऱ्याकडे जाऊन परवानगी विचारायची, मुलाला सोबत न्यायचं म्हणजे ओळख राहते, त्याचं कुंपण तुटलेलं दिसलं तर सांगायचं, आणि शिकार मिळाली तर मांसाचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा.

गोळी आणि त्यानंतर

शिकारीचा दिवस म्हणजे बहुतांश थंडीत बसणं. पहाटे अंधारात जाऊन झाडावरच्या मचाणावर किंवा जमिनीवर आडोशाला बसायचं. मचाणावरून पडून माणसं गंभीर जखमी होतात, म्हणून पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही. वाऱ्याची दिशा पाहायची, कारण हरणाचं नाक माणसाच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तेज. काही कुटुंबं हाका करतात: चारपाच जण ओळीने रान विंचरत चालतात, बाकीचे पुढे मोक्याच्या जागी उभे. हाका पाहायला जोरदार वाटतो, पण त्यातच धोका जास्त असतो. कोण कुठे उभा आहे आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे आधी टेबलावर ठरतं.

हरीण समोर आलं की मूल थरथरायला लागतं. मोठ्या माणसांचंही होतं. अशा वेळी शेजारचा मोठा माणूस कुजबुजतो ते बहुधा "थांब". हरीण आडवं उभं राहू दे. पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसं असतात तिथे नेम बसतोय का? मध्ये फांदी आहे का? अंतर तुझ्या सरावाच्या आवाक्यात आहे का? नर असेल तर शिंगांची टोकं मोज. 2002 पासून राज्याच्या बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन टोकं हवीत, म्हणजे कोवळ्या नरांना वाढायला एखादं वर्ष मिळतं. लहान मुलांना यात सवलत आहे. यातल्या एकाही बाबतीत शंका असेल, तर बंदूक खाली.

आणि गोळी झाडली तर पुढची जबाबदारी सुरू. हरीण अनेकदा जागेवर कोसळत नाही, धावतं. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब जातं, म्हणून शांत बसून वाट पाहायची, मग रक्ताचे थेंब पाहत माग काढायचा. जखमी केलेलं हरीण शोधल्याशिवाय घरी यायचं नाही. अंधार पडला, पाऊस आला, तरी कंदील घेऊन कॅम्पमधले सगळे येतात. स्वतःची शिकार सोडून दुसऱ्याच्या हरणाचा माग काढायला रात्री बाहेर पडणं, यावर इथे माणूस जोखला जातो.

हरीण सापडल्यावर बरीच मुलं रडतात. चांगल्या घरांत त्यांना कुणी गप्प करत नाही. "रडू येणं बरोबर आहे" असं सांगणारे बाप आहेत. काही जण टोपी काढून क्षणभर उभे राहतात, काही प्रार्थना करतात. मग हरीण हलवण्याआधी त्याच्या कानाला टॅग लावायचा, जागेवरच पोट साफ करायचं म्हणजे मांस नासत नाही, ओढत गाडीपर्यंत न्यायचं आणि दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवायचं. हे कळवणं म्हणजे निव्वळ सोपस्कार वाटतं, पण त्याच आकड्यांवरून पुढच्या वर्षीचे परवाने ठरतात.

या सगळ्याला रानात पंच कुणी नसतो. डोंगरात एकटा बसलेला माणूस वेळ संपल्यावर पाच मिनिटांनी गोळी झाडेल, टोकं न मोजता झाडेल, कुणाला कळणार नाही. रक्षक मोजके आणि रान अफाट. म्हणून कुटुंब महत्त्वाचं. कायदा पुस्तकात असतो, पण लहानपणी आजोबांनी बंदूक खाली ठेवलेली पाहिली असेल तर तो हातात उतरतो.

मांस

पाठीच्या कण्यालगतचं मऊ मांस त्याच रात्री कॅम्पवर लोण्यात परततात. बाकीचं घरी जातं, आणि मग स्वयंपाकघराच्या टेबलावर आजी-आजोबांपासून सगळे कापायला, दळायला, पाकिटं भरायला बसतात. सॉसेज, वाळवलेल्या पट्ट्या, आणि पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन वंशाच्या लोकांचा गोडसर बलोनी हे इथले खास प्रकार. एक फ्रीझर भरला की बऱ्याच घरांचा हिवाळा निघतो. सामूहिक पारधीनंतर वाटे घालायची रीत आपल्याकडेही आदिवासी गावांत आणि कोकणात होती. माग काढणाऱ्यालाही वाटा आणि घरी बसलेल्या म्हातारीलाही. इथेही शेजारच्या विधवा आजीला पाकीट जातं.

ज्यांच्याकडे जास्त होतं ते दान करतात. 1991 मध्ये सुरू झालेली हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही संस्था हेच काम करते: शिकारी हरीण ठरलेल्या खाटकाकडे देतो, कापण्याचा खर्च संस्था भरते आणि मांस गरजूंच्या अन्नछत्रांत जातं.

मी स्वतः या मांसाबद्दल निर्धास्त मात्र नाही. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. मुलांना खाऊ घालायचं असेल तर तांब्याच्या गोळ्या वापराव्यात, असं मला ठामपणे वाटतं. रानात टाकलेल्या आतड्यांतून तेच शिसं गरुडांच्या पोटात जातं. दुसरी काळजी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची. हरणाच्या मेंदूचा हा असाध्य रोग पेनसिल्व्हेनियात 2012 मध्ये पहिल्यांदा सापडला. तो माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण रोगी ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. बाधित भागातून हरणाचं डोकं आणि कणा बाहेर न्यायला मनाई आहे, आणि डोकं तपासणीसाठी देता येतं. जबाबदार घरं अहवाल येईपर्यंत पाकीट उघडत नाहीत.

आपसातली भांडणं

हे सगळे शिकारी एकमताचे आहेत असं समजू नका. कुणाला फक्त मांस हवं, कुणाला मोठ्या शिंगांचं वेड. झाडांवर कॅमेरे लावून हरणाची रोजची वाट फोनवर पाहणं ही शिकार उरते का? हजार यार्डांवरून नेम धरणारा माणूस शिकारी की नेमबाज? कुंपणात वाढवलेलं हरीण पैसे देऊन मारणं बहुतेक जुन्या कुटुंबांना लाजिरवाणं वाटतं. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तेव्हापासून जनावराला निसटायची खरी संधी हवी हे तत्त्व मांडलं जातंय, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्यावर नव्याने वाद होतो.

सर्वात कडाक्याचा वाद माद्यांवरून झाला. 2000 नंतरच्या काही वर्षांत गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे राज्यातल्या हरणांचं व्यवस्थापन होतं. गावोगाव सभा घेऊन तो लोकांना सांगत होता की जंगल वाचवायचं तर माद्या मारा आणि कोवळे नर सोडा. सभांना तोबा गर्दी आणि विरोधही तसाच. कॅम्पवाले म्हणत, पूर्वी एका सकाळी वीस हरणं दिसायची, आता दिवसभरात एक दिसत नाही. तुम्ही आमची हरणं संपवलीत. 2004 च्या अखेरीस तो पायउतार झाला, पण शिंगांच्या टोकांचा नियम टिकला. आज अनेक शिकारी त्याच नियमाची बाजू घेतात.

प्राणी मारणंच चूक, असं मानणारेही तिथे पुष्कळ आहेत, आणि वारकऱ्याच्या किंवा जैनाच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं आतून पटेल. त्या प्रश्नाला जंगलाच्या आकडेवारीने उत्तर देता येत नाही. मी एवढंच म्हणेन की, प्लास्टिकच्या वेष्टनातलं मांस न बघता विकत घेणाऱ्यापेक्षा, मेलेल्या हरणापाशी रडलेलं मूल त्या प्रश्नाच्या जास्त जवळ उभं असतं.

सध्या खरी चिंता वेगळीच आहे. 1982 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात जवळपास 13 लाख लोक परवाना घेत होते. ती संख्या बरीच घसरली आहे आणि उरलेल्यांचं वय वाढतंय. शिकारी घटले की परवान्यांचा पैसा घटतो, पण हरणं घटत नाहीत. म्हणूनच रविवारचा मुद्दा पेटला होता. जुन्या धार्मिक कायद्यांमुळे राज्यात रविवारी शिकारीला बंदी होती. शनिवारीही काम करणाऱ्या बापाला आणि आठवडाभर शाळेत असलेल्या मुलीला एकत्र जंगलात जायला दिवसच उरत नव्हता. 2019 च्या कायद्याने तीन रविवार खुले केले, खासगी जमिनीवर मात्र मालकाच्या लेखी परवानगीची अट घातली. 2025 मध्ये बंदी कायद्यातून काढून टाकली गेली. चर्चला जाणारे काही शेतकरी आणि रविवारी रानात फिरायला येणारे लोक यावर नाराज आहेत. त्यांना आठवड्यातला एक दिवस बंदुकीच्या आवाजाशिवाय हवा होता, आणि ती मागणी अवाजवी नव्हती. अशा शेतकऱ्यांना रविवारसाठी नकार देता येतो, आणि जी कुटुंबं उन्हाळ्यातच परवानगी विचारायला जातात, ती आता रविवारचं वेगळं विचारतात.